आमची वाटचाल : ड्रॉइंग कुठून निघालं?

१९९६ साली शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या एका खोलीत आमचं ड्रॉइंग ऑफिस सुरू झालं. कोल्हापूरच्या फाउंड्रींना (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांना) लागणारे पॅटर्न (ज्यांवरून साचा बनतो ते नमुने), कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीच्या गाभ्याचे साचे) आणि मशीनिंगची फिक्स्चर (यंत्रावर भाग पकडून ठेवणारी साधनं) यांची ड्रॉइंगं, एवढंच काम. चौकट आणि टायटल ब्लॉक (ड्रॉइंगची माहिती लिहायचा तक्ता) छापलेले ट्रेसिंग पेपर आम्ही प्रेसमधून आणून ठेवायचो. कोपऱ्यात छपाईचं वर्ष असायचं, त्यामुळे कुठलं ड्रॉइंग कुठल्या कागदावर काढलंय ते बघताक्षणी कळायचं.

कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड आलं आणि कामाचा वेग वाढला, पण ही सोय गेली. छापील कागदाची जागा टेम्पलेटने, म्हणजे नवं ड्रॉइंग जिच्यातून सुरू होतं त्या तयार डीडब्ल्यूटी फाइलने घेतली. लेअर (रेषांचे थर), डायमेन्शन स्टाइल (मापं लिहायची पद्धत), मिमी की इंच, प्रोजेक्शनचं चिन्ह, टायटल ब्लॉक, सगळं तिच्यात भरून ठेवता येतं. पण ड्रॉइंग एकदा तिच्यातून निघालं की दोघांचा संबंध तुटतो. टेम्पलेट सुधारलं तरी आधीची ड्रॉइंगं जशीच्या तशी राहतात, आणि ती कुठल्या टेम्पलेटमधून निघाली हे ऑटोकॅड आपणहून सांगत नाही. त्यात सगळीकडे चालणारी रीत: तसाच जॉब आला की जुनं ड्रॉइंग उघडायचं, सेव्ह ॲज करायचं, मापं बदलायची. घाईच्या कामात ही रीत मोडून काढता येत नाही, आणि मोडायची गरजही नाही.

वस्तूच्या बाजू, म्हणजे व्ह्यू, कागदावर मांडायच्या (प्रोजेक्शनच्या) दोन पद्धती: फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. आमचं काम फर्स्ट अँगलमध्ये. अमेरिकेला कास्टिंग पाठवणारे ग्राहक आले तशी थर्ड अँगलची टेम्पलेटही लागायला लागली. इथे चिन्ह एक आणि व्ह्यू दुसऱ्या पद्धतीचे झाले, तर पॅटर्न उलट्या हाताचा बनतो. म्हणून आधी सगळी टेम्पलेट सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये आणली, प्रत्येक मशीनच्या ऑप्शन्समध्ये तोच मार्ग दिला आणि क्यू-न्यूची (नवं ड्रॉइंग सुरू करायच्या कमांडची) डीफॉल्ट फाइलही तिथलीच ठरवली. त्या फोल्डरमध्ये बदल करायचा अधिकार फक्त एका माणसाकडे ठेवला.

टेम्पलेटला क्रमांक द्यायचा ठरलं तेव्हा आमचे सर्वांत जुने ड्राफ्ट्समन म्हणाले, ‘‘साहेब, नंबर फाइलच्या पोटात टाकू. नाव काय, कुणीही बदलतं.’’ तीच आमच्या पद्धतीची पायाभरणी. ड्रॉइंग प्रॉपर्टीजच्या (फाइलच्या आत तिचीच माहिती ठेवायच्या जागेच्या) कस्टम भागात आम्ही ‘टेम्पलेट क्रमांक’ घातला. एफए-ए३-०७ म्हणजे फर्स्ट अँगल, ए-३ शीट, सातवी सुधारणा. हाच क्रमांक फील्ड (फाइलमधली माहिती आपोआप दाखवणारा मजकूर) लावून टायटल ब्लॉकच्या खालच्या रकान्यात आणला, म्हणजे प्रिंटवरही दिसतो. सेव्ह ॲज कितीही वेळा केलं तरी तो फाइलबरोबर जातो. कुणी बाहेरच्या कोऱ्या फाइलमध्ये आमचा टायटल ब्लॉक चिकटवला, तर आमचा क्रमांक तिथे उमटत नाही आणि तपासणाऱ्याला लगेच कळतं.

याची खरी किंमत २०२१ नंतर कळली. आमच्या टायटल ब्लॉकमध्ये सर्वसाधारण टॉलरन्ससाठी (मापात किती फरक चालेल त्यासाठी) ‘आयएसओ २७६८-एमके’ अशी आंतरराष्ट्रीय मानकाची नोंद असायची. त्यातला ‘एम’ पहिल्या भागातला, लांबी आणि कोनांच्या मापांसाठी; ‘के’ दुसऱ्या भागातला, भौमितिक (सरळपणा, सपाटपणा अशा) टॉलरन्ससाठी. त्या वर्षी दुसरा भाग मागे घेतला गेला आणि त्याच्या जागी आयएसओ २२०८१ आलं. पंपाचे भाग बनवणाऱ्या एका ग्राहकाने विचारलं, आमच्या किती ड्रॉइंगवर जुनी नोंद आहे? ऑटोकॅडमधल्या डेटा एक्स्ट्रॅक्शनने (ड्रॉइंगमधली माहिती गोळा करायच्या सोयीने) टायटल ब्लॉकमधले क्रमांक तक्त्यात काढले आणि सुधारणेच्या क्रमांकावरून यादी वेगळी केली. त्या ग्राहकाने पुढे आपल्या इतर पुरवठादारांची ड्रॉइंगंही आमच्याकडे तपासायला द्यायला सुरुवात केली. आज आमच्या कामाचा मोठा भाग हाच आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला आली की आधी टेम्पलेटचं रजिस्टर वाचायला देतो. प्रत्येक सुधारणेपुढे काय बदललं, का बदललं आणि कुणाच्या मागणीवरून, हे मराठीत लिहिलेलं असतं. ‘का’चा रकाना रिकामा असेल तर टेम्पलेट सर्व्हरवर चढत नाही.

सध्या हीच घडी सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतोय. तिथे पार्ट, असेंब्ली आणि ड्रॉइंगची टेम्पलेट वेगवेगळी, शीट फॉरमॅटची (चौकट आणि टायटल ब्लॉकची) फाइल आणखी निराळी. शीट फॉरमॅट जुन्या ड्रॉइंगवर पुन्हा लोड करता येतो, म्हणून त्याचा क्रमांक टेम्पलेटच्या क्रमांकापासून आम्ही वेगळा ठेवलाय.