उजव्या पानावर काय, डाव्या पानावर कसे

व्याख्यानाला जाताना मी दोनशे पानी वही बरोबर नेते. वक्ता जे सांगतो ते मी उजव्या पानावर उतरवते आणि ते त्याला किंवा त्याच्या आधी कोणाला कसे कळले, ते डाव्या पानावर. गेल्या अठरा वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या. त्या चाळताना एक गोष्ट सहज दिसते. ज्या संध्याकाळी डावे पान भरले, त्या संध्याकाळी ऐकलेले आजही जसेच्या तसे आठवते. उजवीकडे चार-चार पाने मजकूर असून डावी बाजू कोरी राहिली, ते व्याख्यान कोणाचे होते हेसुद्धा वरचे नाव वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

मी कोणत्याही विषयाची अभ्यासक नाही. एका बँकेत रोखपाल म्हणून माझी नोकरी झाली. संध्याकाळी हिशेब जुळला की पुण्यात कोठे ना कोठे काहीतरी चालू असेच, आणि मी तेथे जाऊन मागच्या रांगेत बसत असे. कधी वनस्पतिशास्त्र, कधी शिलालेख, कधी न्यायशास्त्र. विषय निवडून जाण्यापेक्षा जे असेल त्याला जावे, ही सवय मला फार उपयोगी पडली, कारण ज्यातले आपल्याला काही कळत नाही त्याच विषयात माणूस निमूटपणे मूळ प्रश्नापाशी थांबतो.

पुण्याला या बाबतीत जुनी परंपरा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ती आजही एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात भरते. त्याच १८७५ च्या पावसाळ्यात रानड्यांनीच बोलावल्यावरून स्वामी दयानंद सरस्वतींनी पुण्यात व्याख्याने दिली. सर्वांसाठी खुले व्यासपीठ, समोर नाना मतांचे श्रोते आणि दर संध्याकाळी नवा विषय, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली की गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. तरीही व्याख्यान आणि चर्चासत्र यांत एक मोठा भेद आहे. व्याख्यानात वक्ता आपले म्हणणे मांडून निघून जाऊ शकतो. चर्चासत्रात त्याला ते म्हणणे इतरांच्या हाती द्यावे लागते आणि ते मोडले तर मोडले, हे मान्य करावे लागते.

चर्चासत्राचा हा स्वभाव मला सर्वांत स्पष्टपणे दिसला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका निबंधात. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, त्यांनी भारतातील जातिसंस्थेची घडण, उगम आणि विकास यांवर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. निबंधात ते आधी जातीच्या चार अभ्यासकांच्या व्याख्या पुढे ठेवतात: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. होय, पुढे मराठीत ज्ञानकोश उभा करणारे तेच केतकर. अमेरिकेत शिकत असतानाच त्यांनी जातीच्या इतिहासावर पुस्तक लिहिले होते. बाबासाहेब केतकरांचा गौरव करतात, जातीचा विचार इतर जातींशी असलेल्या तिच्या संबंधांतून केला पाहिजे हे त्यांना नेमके समजले होते असे म्हणतात, आणि मग त्यांची चूक दाखवतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्माने मिळणारे सदस्यत्व. बाबासाहेबांचे म्हणणे असे की ही दोन लक्षणे नव्हेतच. एकाच पदकाच्या या दोन बाजू आहेत, कारण बाहेर लग्न करण्याला बंदी केली की बाहेरून आत येण्याची वाट आपोआप बंद होते.

हा परिच्छेद मी किती वेळा वाचला असेन याची गणती नाही. ज्या समाजव्यवस्थेचे चटके स्वतः सोसले, तिच्याविषयी परक्या देशातल्या अभ्यासकांसमोर बोलताना हा तरुण आधी दुसऱ्याच्या मताचे मोल करतो आणि मग एकेक टाका उसवून दाखवतो. निबंधाच्या शेवटी तर ते म्हणतात की आपण जातीविषयी एक सिद्धान्त मांडू इच्छितो, पण तो टिकणारा नाही असे कोणी दाखवून दिले तर तो सोडून द्यायलाही आपण तितकेच तयार आहोत. पुढच्याच वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. चर्चासत्र म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी ते शेवटचे वाक्य वाचायला देते.

विज्ञान आणि मानव्यविद्या या दोन वेगळ्या खोल्या आहेत, असे आपल्याकडे दहावीनंतर लगेच मनावर ठसवले जाते. माझ्या मनातली ती भिंत पडली ती दोन वर्षांपूर्वी, जूनच्या एका संध्याकाळी. डेक्कन परिसरातल्या एका लहान सभागृहात प्राचीन नाण्यांवर चर्चासत्र होते. तीस-पस्तीस खुर्च्या होत्या आणि बाहेर पाऊस यायचा होता. बोलणारी तरुण संशोधिका टेबलावर एक नाजूक वजनकाटा घेऊन बसली होती. काट्याला काचेचे झाकण होते, तरी पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा हलत होता, म्हणून तिने हात जोडून सगळे पंखे बंद करायला सांगितले. त्या उकाड्यात घाम पुसत आम्ही सगळे एका लाल आकड्याकडे बघत बसलो. तिने चिमट्याने एक रुपयाचे नाणे उचलून काट्यावर ठेवले, आकडा स्थिर झाल्यावर तो फळ्यावर लिहिला, मग दुसरे नाणे, मग तिसरे. दहा नाणी, दहा आकडे, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही.

मग ती दामोदर धर्मानंद कोसंबींकडे वळली. गोव्यात जन्मलेले कोसंबी गणिती होते. फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवत आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेल्यावर पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. फर्ग्युसनच्या काळात त्यांनी आहत नाण्यांचा प्रश्न हाती घेतला. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर सूर्य, वृक्ष, प्राणी अशा चिन्हांचे ठसे उमटवलेली ही नाणी आहेत. त्यांवर राजाचे नाव नाही की वर्ष नाही. वजन मात्र ठरलेले असे: बत्तीस रती, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर. मग आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे ठरवायचे कसे? कोसंबींनी ती तोलली. नाणे जितके अधिक फिरते तितके झिजते, हे कोणालाही ठाऊक आहे. पण टाकसाळीतून निघतानाच नाण्यांच्या वजनात थोडा फरक असतो, त्यामुळे एकट्या नाण्याच्या वजनावरून काहीच सिद्ध होत नाही. नाण्यांचा मोठा गट घेतला तर काळानुसार त्याचे सरासरी वजन उतरत जाते, आणि गटातल्या नाण्यांच्या वजनांची परस्परांतली तफावत वाढत जाते. ही गोष्ट खरी आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी त्या काळात चलनात असलेली नाणीही मोठ्या संख्येने तोलली, कारण त्यांच्यावर वर्ष छापलेले होते. नियम तेथे पडताळला आणि मग तक्षशिलेच्या भिर टेकाडात सापडलेल्या साठ्याला लावला. नाण्यांच्या मागच्या बाजूला जे बारीक ठसे असतात, ते जसे वाढतात तसे वजन घटत जाते, हेही त्यांना दिसले. त्यावरून हे ठसे नाण्याच्या वेळोवेळी झालेल्या तपासणीचे असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

ज्या हातांनी मी उभी नोकरी नाणी मोजली, त्याच हातांनी मी हे उतरवत होते आणि माझे डावे पान भरून मागच्या पानावर गेले होते. प्रश्नोत्तरे सुरू झाल्यावर मी हात वर केला. बँकेत नाण्यांची थैली काउंटरवर रिकामी केली की बोटांना काळी पूड लागते. ती नाण्यावर नाणे घासून निघालेली असते. तेव्हा एखादी थैली लोकांच्या हाती न जाता एका खजिन्यातून दुसऱ्या खजिन्यात गाडीवरून वर्षानुवर्षे फिरली, तर तिच्यातली नाणी कोणी खर्च न करताच झिजतील. तसे झाले असेल तर त्या साठ्याचे वय आपण जास्त धरू का? संशोधिका क्षणभर थांबली. तिने स्वच्छ सांगितले की या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नाही, आणि माझा प्रश्न माझ्याच शब्दांत लिहून घेतला. पहिल्या रांगेतले भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक लगेच उठून म्हणाले, थैलीत नाणी घालून ती यंत्रावर ठरावीक वेळ हलवत ठेवा आणि दर तासाला तोला. संस्कृतच्या एक बाई म्हणाल्या की नाणी कशी मोजत, कशी साठवत याचे उल्लेख ग्रंथांत शोधले पाहिजेत. पाऊण तास हे चालले. त्या खोलीत कोण कोणत्या शाखेचे आहे हे कोणाच्याही ध्यानात राहिले नव्हते.

कोसंबींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव सुरू झाला, हे मला फार योग्य वाटते. त्यांच्या नावाने एखादे व्यासपीठ उभे राहायचे तर ते सर्व विद्यांना खुले असलेच पाहिजे.

‘कसे कळले’ हे डोळ्यांसमोर दाखवण्याची आणखी एक जागा पुण्यातच आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत फुकोचा लंबक टांगलेला आहे. पृथ्वी खालून फिरत असल्याने या लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. १८५१ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेआँ फुको यांनी पॅरिसमध्ये पृथ्वी फिरताना पाहायला या, असे निमंत्रण धाडले होते. पॅरिसमध्ये लंबकाच्या झोक्याची दिशा सुमारे ३२ तासांत पूर्ण फेरी करते. पुणे विषुववृत्ताच्या जवळ असल्याने येथे तीच फेरी व्हायला सुमारे ७५ तास लागतात, म्हणजे तासाला पाच अंशांहूनही कमी. तासाभराचे व्याख्यान ऐकून बाहेर यावे आणि आत जाताना पाहिलेली दिशा किंचित सरकलेली दिसावी, याहून चांगले प्रात्यक्षिक मला माहीत नाही. शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने तेथे फार वर्षांपासून चालत आली आहेत. डॉ. जयंत नारळीकर मुलांनी स्वाक्षरी मागितली की त्यांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन. प्रश्न विचारल्याशिवाय सही नाही, हा नियम मला अतिशय आवडतो.

म्हणूनच मला एका गोष्टीचे मनापासून वाईट वाटते. गेल्या हिवाळ्यात एका संस्थेत मी प्राचीन धान्यांवरचे व्याख्यान ऐकायला गेले होते. उत्खननात मिळालेल्या जळक्या दाण्यांवरून त्या काळची शेती कशी ओळखतात, हा विषय होता आणि अभ्यासक बाहेरगावाहून आले होते. सहाची वेळ होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांचे मनोगत, असे करता करता वक्त्यांच्या हाती ध्वनिक्षेपक आला तेव्हा सात वाजायला दहा मिनिटे उरली होती. त्यांनी छायाचित्रे भराभर पुढे सरकवली. सूक्ष्मदर्शकाखाली गव्हाचा दाणा आणि जवाचा दाणा कशावरून वेगळे ओळखतात, हे सांगणारे चित्र पडद्यावर दोन सेकंद होते. सभागृह साडेसातला रिकामे करायचे असल्याने प्रश्नोत्तरे होणार नाहीत, असे आभार मानताना सांगण्यात आले. पाहुण्याचा मान राखावा, यात मला काहीच गैर वाटत नाही. पण अभ्यासकाचा खरा मान त्याला वेळ देण्यात आणि नेमका प्रश्न विचारण्यात आहे. त्या दिवशीचे माझे डावे पान कोरेच राहिले. घरी आल्यावर मी त्यावर एवढेच लिहिले: गहू की जव, कशावरून?

त्याचे उत्तर अजून मिळायचे आहे. नाण्यांच्या प्रश्नावर मात्र मी माझ्या परीने काम सुरू केले आहे. आमच्या गल्लीतल्या सराफांनी दुपारच्या रिकाम्या वेळी त्यांचा काटा वापरू दिला. एक रुपयाची जुनी, मोठ्या आकाराची पोलादी नाणी टाकसाळीतून ४.८५ ग्रॅम वजनाची निघत. मी घरातून, भाजीवाल्यांकडून आणि शेजाऱ्यांच्या मुलांच्या गल्ल्यांतून अशी साठ नाणी जमवली, पंखा बंद करून एकेक तोलले आणि वहीत वर्षाप्रमाणे मांडले. काही वर्षांची आठ-आठ नाणी आहेत, १९९५ ची तीनच आहेत. तिघांची सरासरी काढून काही म्हणणे धाडसाचे होईल, म्हणून १९९५ पुढची जागा मी मोकळी ठेवली आहे आणि रोज सुटे पैसे हाती आले की आधी वर्ष पाहते.