मिक्सर लावायच्या आधी

मिक्सर लावायच्या आधी मी मोठ्यानं सांगते, "आता घर्रर्र होणार." लेक कान झाकून गॅलरीत जातो, दार लोटून घेतो. माझी चटणी वाटून झाली की परत येतो. इथवर यायला दोन वर्षं लागली.

दीड वर्षाचा असताना हाक मारली तरी मान वळवायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, ऐकू येत नसेल. बेरा, म्हणजे ऐकू येतं का ते बघायची तपासणी केली, कान ठणठणीत. आणि हेच पोर कुकरची वाफ नुसती फुसफुसायला लागली की किंचाळत पळायचं, शिट्टी तर पुढेच. "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून एका डॉक्टरांनी परत पाठवलं. त्यात आमचं वर्ष गेलं, त्याचं मला अजून फार वाईट वाटतं. तो बोट दाखवत नाही, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. बिस्कीट हवं असलं की माझं मनगट धरून माझा हात डब्यावर ठेवायचा. मला ते लाडिक वाटायचं.

तीन वर्षांचा झाल्यावर ऑटिझमचं निदान झालं. ओटीच्या, म्हणजे रोजची कामं आणि संवेदना हाताळायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या ताईंनी सगळं उलगडून सांगितलं. एकाच मुलाला काही संवेदना सोसत नाहीत आणि काही पुरेशा पोचतच नाहीत. शर्टाचं लेबल टोचतं, हलक्या हातानं तेल लावलं तर रडू येतं. पण गुडघा फुटला तरी ढिम्म. हा हट्ट नव्हे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमच्या ११ मुलांबद्दल लिहिलं, तेव्हाही मोठ्या आवाजांची, व्हॅक्यूम क्लीनरची धास्ती त्यात नोंदलेली होती. मानसोपचाराच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत संवेदनांचा हा वेगळेपणा स्पष्ट निकष म्हणून आला तो मात्र २०१३ साली.

मग तेल दाबून लावायला लागले. रात्री आईची जुनी, जड गोधडी घट्ट गुंडाळते. "घट्ट" हा त्याच्या पहिल्या पाच-सहा शब्दांतला एक. वरणभात अजून तोंडात घेत नाही, ओकारी येते. भाकरीचा कडक पापुद्रा मात्र मिटक्या मारत खातो. मी आग्रह सोडलाय.

यंदा ढोलताशे सुरू व्हायच्या आत, दुपारीच घरी बादलीत विसर्जन केलं. नातेवाईक नाराज झाले. भाताला बोट न लावणारा माझा लेक विरघळणाऱ्या शाडूत कोपरापर्यंत हात घालून तासभर शांत बसला होता.