एका प्रश्नात दोन प्रश्न

पदवीच्या विद्यार्थ्यांना मूल्यमापनाचे संशोधन झेपत नाही, हे मत मी स्वतः बरीच वर्षे बाळगून होतो. यंदा संख्याशास्त्र, समाजशास्त्र आणि जीवशास्त्र शिकणाऱ्या तिघांनी माझ्या मार्गदर्शनाखाली एका शिकवणी उपक्रमाचे मूल्यमापन केले. माझ्याच प्रश्नावलीतील ‘सत्रे उपयुक्त आणि रंजक वाटली का?’ या प्रश्नावर जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीने पेन्सिलीने गोल केला आणि शांतपणे विचारले, “सर, उपयुक्त पण कंटाळवाणी वाटली असतील, तर खूण कुठे करायची?” (प्रश्नावली मीच दोनदा तपासली होती.)

पुढे तिघांपैकी दोघांनी ४० मुलाखती स्वतंत्रपणे वाचून ‘लाभ झाला’ किंवा ‘झाला नाही’ अशी वर्गवारी केली, तेव्हा ३२ ठिकाणी त्यांचे एकमत झाले आणि दोघेही खूश झाले. मात्र दोघांनीही प्रत्येकी ३२ मुलाखती ‘लाभ झाला’ या गटात टाकल्या होत्या, त्यामुळे निव्वळ योगायोगानेही ६८ टक्के जुळणी अपेक्षित होती. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक, म्हणजे योगायोगाची जुळणी वगळून उरलेले एकमत मोजणारा आकडा (पूर्ण एकमत असेल तर १), काढला, तर तो जेमतेम ०.३८ भरला. मग आठही मतभेद समोर ठेवून ‘लाभ’ या शब्दाची व्याख्याच नव्याने लिहावी लागली, आणि त्यात संपूर्ण दुपार गेली.