तुम्ही विचारलंत म्हणून: मुंग्या मला ओळखतात का?

घरी आलेला माणूस टेबलावरची काचेची पेटी बघून आधी जरा मागे सरकतो, मग हळूच वाकून बघायला लागतो आणि दहा मिनिटांत हमखास विचारतो, "या तुम्हाला ओळखतात का हो?" कुत्रं शेपूट हलवतं, पोपट हाका मारतो, मग मुंग्या काय करतात? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

नाही, ओळखत नाहीत. माझ्याकडे काळे मुंगळे आहेत, त्यांच्या राणीचं हे चौथं वर्ष. इतक्या दिवसांत माझ्यातलं त्यांना एकच कळलंय, माझा श्वास. झाकण काढताना चुकून त्यांच्यावर श्वास गेला की सगळी पेटी उसळते. जबडे उघडतात, जिला जो कोष सापडेल तो उचलून ती आतल्या अंधाराकडे पळत सुटते. आता झाकण काढताना मी श्वास रोखून धरते. बाकी मी म्हणजे त्यांच्यासाठी कधी उजेड, कधी हादरा. मध आणून ठेवणारी ती मीच, हे त्यांना माहीत नाही.

तरी मला त्या पाळाव्याशा वाटतात आणि त्याचं कारण राणीपासून सुरू होतं. मुंगीला पंख फुटले की तिचे दिवस भरले, असं आपण म्हणतो. पंखवाल्या बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पावसानंतरच्या दमट हवेत नर आणि तरुण राण्या उडतात. मीलनानंतर नर लवकरच मरतात, राण्याही बऱ्याचशा पाखरांच्या नाहीतर कोळ्यांच्या तोंडी जातात. वाचते ती खाली उतरून स्वतःचे पंख स्वतःच उपटून टाकते. त्या एका उड्डाणात मिळालेलं वीर्य ती पोटात साठवते आणि त्यावर आयुष्यभर अंडी घालते. माझी राणी मला भिंतीच्या कडेने चालताना दिसली, ती पंख टाकून झालेली. पंख जिथून तुटले तिथले बारीक वण भिंगाखाली अजून दिसतात.

अशा राणीला लागतं अगदी थोडं. काचेच्या टेस्टट्यूबमध्ये तिसरा हिस्सा पाणी भरायचं, ते अडवून धरेल असा कापसाचा घट्ट बोळा आत सारायचा, राणी सोडायची आणि तोंडाशी दुसरा बोळा लावायचा. ओल्या कापसातून तिला पाणी मिळतं, हवेत दमटपणा राहतो. मग नळी अंधारात ठेवायची. मुंगळ्यांच्या राणीला या काळात खायला द्यावं लागत नाही. पंख हलवणारे छातीतले स्नायू आता निकामी झालेले असतात, ते शरीरातच विरघळतात आणि त्यातून पहिल्या अळ्यांचं पोषण होतं.

आणि मग तिला एकटं सोडायचं. सगळ्यात अवघड तेच. याआधीच्या राणीच्या वेळी मला ते जमलं नाही. मी रोज खण उघडायचे, नळी उजेडात धरून अंडी मोजायचे. आठ होती, मग पाच झाली, एका सकाळी एकही नव्हतं. घाबरलेली राणी आपली अंडी खाते. संकटात पिल्लं वाढवण्यापेक्षा ते अन्न परत पोटात घालून पुन्हा सुरुवात करणं तिला परवडतं. ती राणी पुढे जगली नाही. त्या खणाच्या मुठीला लागलेला माझा हात अजून आठवतो.

या राणीच्या वेळी मी दहा-दहा दिवस खणाकडे फिरकले नाही. दीड महिन्यानंतर एका रात्री बघितलं, तर ती एका कोषावर वाकून जबड्याने त्याचं टोक कुरतडत होती. फटीतून आधी एक पाय आला, मग दुसरा. तिने ते पिल्लू हळूहळू बाहेर ओढलं आणि चाटत बसली. पिवळसर, जवळजवळ पारदर्शक, पाय अंगाशी दुमडलेले. या पहिल्या कामकरी नेहमीपेक्षा लहान असतात, कारण राणीच्या अंगातल्या शिदोरीवर तेवढंच शरीर घडतं. पण दोन-तीन दिवसांत रंग गडद झाला आणि तीच पोर अळ्या उचलून फिरवायला लागली.

ओळख म्हणाल, तर ती त्यांच्यात आहे, आपल्यासारखी नाही इतकंच. तिचा मुक्काम अंगावरच्या मेणकट थराच्या वासात असतो. एकमेकींना चाटून आणि भरवून तो वास सगळ्या घराचा होतो. मधाचा एक थेंब ठेवा आणि बघा. पहिली मुंगी पीत राहते, पोट इतकं फुगतं की पोटावरच्या काळ्या पट्ट्या एकमेकींपासून सुटतात आणि मधली फिकट त्वचा दिसते. तिच्या पोटात एक कप्पा स्वतःचा, दुसरा सगळ्यांचा. ती आत जाते, दुसरीच्या तोंडाला तोंड लावते, थेंब पुढे सरकतो, तिथून तिसरीकडे. प्रौढ मुंगीला घन काही गिळता येत नाही, म्हणून किड्याचा तुकडा आणला तर तो अळ्यांसमोर नेऊन ठेवतात. तो पचवायचं काम अळ्यांचं. हे बघताना माझा तासभर कधी जातो कळत नाही.

इंग्लंडचे जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात मुंग्या काचेच्या दोन तावदानांमध्ये पाळल्या आणि त्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन एकेकीचा माग ठेवला. त्यांच्याकडची एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगली. वर्षाहून जास्त काळ वेगळ्या ठेवलेल्या मुंग्या परत सोडल्या, तरी घरच्यांनी त्यांना आपलं मानलं, हेही त्यांनी नोंदवलं. १९५८ मध्ये एडवर्ड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू दाखवली. मेलेल्या मुंगीच्या अंगात तयार होणारं ओलेइक आम्ल त्यांनी जिवंत मुंगीला लावलं. बाकीच्यांनी ती पाय झाडत असताना तिला उचलून कचऱ्यात टाकलं. ती परत आली, पुन्हा टाकलं. अंगावरचा वास पुसून निघेपर्यंत ती त्यांच्या लेखी मेलेली होती.

लबक यांच्यासारखा मीही एकदा ठिपका दिला. कोषातून निघून आठवडा झालेल्या एका कामकरीच्या छातीवर टाचणीच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा. सुरुवातीचे महिने ती राणीजवळच असायची, अळ्या चाटायची, कोष ओल्या बाजूकडून कोरड्या बाजूला न्यायची. मग दाराशी दिसायला लागली. त्यानंतर बाहेरच्या पेटीत, अन्नाच्या शोधात. मुंग्यांचं असंच असतं, तरुणपण आत बाळांपाशी, उतारवय बाहेरच्या धोक्यात. पेटीच्या कडेला मी टाल्कम पावडर अल्कोहोलमध्ये कालवून त्याचा पट्टा लावते, त्यावर पाय घसरतात. ती रोज तिथवर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. मी पेटीशी गेले की आधी पांढरा ठिपका शोधायचे. सात महिने शोधत होते.

एका सकाळी दुसरी एक मुंगळी काहीतरी ओढत कोपऱ्याकडे निघालेली दिसली. त्या कोपऱ्यात त्यांचा कचरा असतो: रिकामे कोष, माशीचे पंख, आधीच्या मेलेल्या. तिने ओझं ढिगावर टाकलं, मिश्या पुसल्या आणि परत फिरली. मी श्वास रोखून झाकण काढलं, चिमट्याने माशीचा पंख बाजूला केला. ठिपका अजून तसाच पांढरा होता.