आई म्हणाली, पडली

१३ ऑक्टोबर, रात्री साडेअकरा

झोप येईना, म्हणून उठून बसले. दुपारी आमच्या पाळणाघरातली मुलं झोपली होती तेव्हा मोबाईल हातात घेतला आणि ती क्लिप पुन्हा समोर आली. २०२१ च्या जानेवारीत पहिल्यांदा पाहिली होती, तेव्हाही पूर्ण बघवली नव्हती.

दक्षिण कोरियातली, सोलमधली गोष्ट. पाळणाघराच्या कॅमेऱ्यात १६ महिन्यांची एक मुलगी बाईंच्या मांडीवर बसलेली दिसते. खेळत नाही, रडत नाही, खात नाही. दिवसभरात जवळजवळ जागची हललेली नाही. संध्याकाळी वडील न्यायला येतात तेव्हा मात्र उठते आणि हळूहळू त्यांच्याकडे चालत जाते. तो १२ ऑक्टोबर २०२० होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. पोटात आतून इतका मार होता की स्वादुपिंड तुटलं होतं. जुनी, भरत आलेली फ्रॅक्चर्सही सापडली. दत्तक जाऊन तिला जेमतेम नऊ महिने झाले होते.

जोंग-इन तिचं नाव. पुढे अख्ख्या देशाने कागदावर हाताने लिहिलं, ‘जोंग-इन, माफ कर’. खटल्याच्या पहिल्या दिवशी कोर्टाच्या कुंपणाला पुष्पचक्रांची रांग लागली होती आणि आरोपी असलेल्या दत्तक आईला घेऊन जाणाऱ्या गाडीवर लोक धावून गेले होते. मी हजारो मैल लांब होते, पण तोंडून तेच निघालं जे सगळ्यांच्या निघालं. भर चौकात द्या म्हणावं फाशी. त्या क्षणी माझ्या हातात कोणी दगड दिला असता तर मी मारला असता. ही बढाई नाही. उलट, पोरांच्या नाकतोंडाला पुसण्यात आयुष्य गेलेल्या बाईला असं वाटावं याचीच मला भीती वाटली.

पण आज राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘पाळणाघरवाल्या काय झोपा काढत होत्या का?’

नव्हत्या हो. मे महिन्यात मांडीवरचे वळ पाहून पहिली तक्रार गेली ती पाळणाघरातूनच. पालकांनी सांगितलं, पायांना मालिश करतो त्याचे वळ आहेत. जूनमध्ये मुलगी गाडीत एकटीच ठेवलेली दिसली, दुसरी तक्रार. सप्टेंबरमध्ये पाळणाघरातल्याच बाईंनी तिला उचलून डॉक्टरांकडे नेलं आणि त्या डॉक्टरांनी स्वतः पोलिसांना कळवलं. मग दुसऱ्या दवाखान्यात दाखवलं, तिथे निदान झालं तोंड आल्याचं. तीन तक्रारी आणि तिन्ही वेळा मुलगी त्याच घरी परत.

म्हणजे दिसलं नव्हतं असं नाहीच. सगळ्यांना दिसलं होतं. नीटनेटके कपडे घातलेली, गोड बोलणारी दोन मोठी माणसं एका बाजूला आणि बोलता न येणारं पोर दुसऱ्या बाजूला, मग कोणाचं खरं धरणार?

२०२१ च्या २ जानेवारीला तिथल्या टीव्हीवर जोंग-इनवरचा कार्यक्रम लागला आणि ८ जानेवारीला तिथल्या संसदेने कायदा बदलला. शिक्षक, डॉक्टर अशा माणसांनी कळवलं की ताबडतोब तपास सुरू झालाच पाहिजे. आई-बापाला मुलाला ‘शिस्त लावण्याचा’ हक्क देणारं दिवाणी कायद्यातलं १९५८ पासूनचं कलमही त्याच दिवशी गेलं. तीन तक्रारींनी पाच महिन्यांत जे झालं नाही ते लोकांच्या संतापाने सहा दिवसांत झालं. त्यामुळे ‘लोक काय, चार दिवस ओरडतात’ असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. आईला आधी जन्मठेप झाली, अपिलात ती ३५ वर्षांवर आली. तेव्हाही कोर्टाबाहेर लोक रडले. (त्याच संतापात दत्तक घेणाऱ्या बाकीच्या आई-बापांकडेही संशयाने बघायला सुरुवात झाली. राष्ट्राध्यक्षांनी तर, जमत नसेल तर दत्तक रद्द करायची किंवा मूल बदलायची सोय हवी, असं बोलून टाकलं आणि भरपूर बोलणी खाल्ली. मूल काय साडी आहे, बदलून आणायला?)

खरं तर हे सगळं लिहायला मी बसलेच नव्हते.

आमच्याकडे एक वही असते. खाल्लं काय, शी-शू, झोप आणि शेवटचा रकाना ‘लागलं-पडलं’. पोरं पडतातच. गुडघे, नडगी, कपाळ, हनुवटी, कोपर, हे सगळं पडण्यातलं. चालायला लागलेल्या पोराच्या नडगीवर काळंनिळं नसेल तर मलाच चुकल्यासारखं होतं. पण कान, मान, पोट, पाठ पडून सहसा लागत नाही. डॉक्टरही हेच धरून चालतात, चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर, मानेवर वळ दिसला की चौकशी करायची. आणि चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर तर कुठेही. जे बाळ अजून पालथंही पडत नाही, ते आपटणार कुठे?

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. खोटं आहे. नियम माहीत नव्हता, हाताला माहीत होतं.

आमच्याकडे यायची एक मुलगी, अडीच वर्षांची होती ती. दुपारी वेणी घालताना कान बाजूला केला तर पाळीच्या मागे जांभळी रेघ, बोटाएवढी. मी कान सोडला तशी तिने मान खांद्यात ओढून घेतली आणि तशीच बसून राहिली. रडली नाही. संध्याकाळी आईला विचारलं. ‘काकू, पलंगावरून पडली हो काल, इतकी धडपडी आहे ना!’ हसली. मीही हसले. रोज वेळेवर पैसे देणारी, दिवाळीला न चुकता फराळाचा डबा आणणारी बाई. मी वहीत लिहिलं, ‘पडली.’ त्याच महिन्यात त्यांनी घर बदललं. पत्ता मी विचारला नाही. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर तेव्हाही दाराशेजारी भिंतीवर चिकटवलेला होता, लसीकरणाच्या तक्त्याखाली.

काहीच नसेलही. पलंगाची कड कानामागे लागूही शकते, तसं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. पण सोलच्या त्या बाईंनी मुलीला उचलून दवाखान्यात नेलं होतं आणि मी वेणी पूर्ण केली होती.

आज क्लिप पाहिल्यावर जुनी वही शोधली. सापडली. माझंच अक्षर, निळं पेन, सोमवार. कानाचं नाव नाही, जांभळं नाही, बोटाएवढं नाही. एकच शब्द, जणू मी तिथे उभी राहून तिला पडताना पाहिलं होतं.

हल्ली असं लिहीत नाही. आधी जागा लिहिते, मग रंग, मग केवढं. आणि खाली, ‘आई म्हणाली, पडली.’