आमची वाटचाल : नागपुरात खारं पाणी

दुकान मूळचं बाबांचं. नागपूरच्या महाल भागात, गोड्या पाण्याच्या माशांचं. गोल्डफिश, गप्पी, एंजल, आणि मधल्या काळात वास्तूवाल्यांच्या कृपेने अरोवाना नि फ्लॉवरहॉर्न. मरीनकडे, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांकडे, आम्ही वळलो ते 2011 च्या सुमारास, धाकट्या भावामुळे. तो मुंबईत नोकरीला होता, सुट्टी कुर्ल्याच्या मासेबाजारात काढायचा, आणि नोकरी सोडून परत आला तो हेच करायचं ठरवून. बाबांनी एवढंच विचारलं, "इथून कोणत्याही किनाऱ्याला जायचं तर अख्खी रात्र गाडीत जाते. इथे समुद्र कोण पाळणार?"

पाळणारे निघाले. आधी धंतोली-रामदासपेठेतले डॉक्टर, त्यांच्या वेटिंग रूमसाठी. मग लक्ष्मीनगर, मनीषनगर, बेसा इथली घरं. पण बाबांच्या प्रश्नात जे खरं होतं ते आम्हाला धंदा करता करता कळत गेलं : नागपुरात मरीनचं दुकान माशांवर चालत नाही, पाण्यावर चालतं. आजही आमच्या उलाढालीत माशांचा वाटा सगळ्यात लहान आहे. मोठा वाटा पाण्याचा आणि ते पाणी राखण्याच्या महिनेवारी कंत्राटांचा.

आपल्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. प्यायला ते चांगलं, पण त्यातले क्षार, क्लोरीन, सिलिका, नायट्रेट टाकीला नको असतात. बोअरचं पाणी तर आणखी जड. म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत आरओ आणि त्याच्या पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य. गिऱ्हाइकाचा हमखास प्रश्न असतो, "घरचं आरओ आम्ही पितो ना भाऊ, मंग माशाले काय होते?" होतं असं की, बऱ्याच घरगुती आरओत चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो, तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. काहींत मिनरल कार्ट्रिज असते. माणसाला ते बरं, पण टाकीत तेच पाणी रोज पडत गेलं की काचांवर आणि दगडांवर शेवाळ माजतं, आणि लोक दोष लाइटला देतात.

दुसरा हमखास प्रश्न मिठाचा. किराणा दुकानातलं खडे मीठ का चालत नाही? कारण ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट हे सगळं ठरावीक प्रमाणात असतं. मरीन मिक्स लिटरमागे 35 ते 38 ग्रॅम लागतं, म्हणजे 200 लिटरला सात-साडेसात किलो. आम्ही ते ड्रममध्ये पॉवरहेड (पाणी हलवणारा छोटा पंप) लावून रात्रभर फिरवतो, सकाळी खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर घनता 1.025 ते 1.026 आली की कॅन भरतो. ज्या टाकीत कोरल (प्रवाळ) आहेत तिथे नंतर कॅल्शियम लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1250 ते 1350 आणि अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरणाऱ्या बायकार्बोनेटचं माप) 8-9 डीकेएच या एककाच्या आसपास राहील असं पाहायचं. आकडा गाठण्यापेक्षा तो हलू न देणं महत्त्वाचं. अल्कलिनिटी आज 7 आणि परवा 11, यापेक्षा कायमची 7.5 परवडली.

उन्हाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरगावचे पुरवठादार आम्हाला अजूनही विचारतात की तुमच्याकडे हे जगतं कसं. 2013 च्या मे महिन्यात इथला पारा 47 च्या पुढे गेला होता. टाकीला 25 ते 27 अंश हवेत. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशा टाकीत साधारण 450 लिटर पाणी, त्यात पंपांची आणि लाइटची ऊब वेगळी. चिलर हा उपाय आहेच, पण चिलर म्हणजे छोटा फ्रीज, तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो. टाकीच्या कॅबिनेटमध्ये बंद केला की आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि दिवसभर चालूनही थंड करत नाही. असे चिलर आम्ही अनेक घरांत फक्त बाहेर काढून ठेवून "दुरुस्त" केले आहेत.

एप्रिल-मेमध्ये मात्र नागपूरच्या हवेचाच उपयोग होतो. आपली झळ कोरडी. सम्पवर (मुख्य टाकीखालच्या गाळणीच्या टाकीवर) आणि टाकीवर साधे छोटे पंखे लावले तर पाणी भराभर उडतं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठ आणि वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतात, आणि ते नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं तेवढ्यात 450 लिटर पाणी एका अंशाहून थोडं जास्त थंड होतं. ज्या घरात दिवसभर एसी चालत नाही, तिथेही मे महिन्यात नुसत्या पंख्यांनी आम्ही टाकी बरीच खाली आणतो. दमट मुंबईत हे इतकं जमत नाही, असं भाऊ सांगतो.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, टाकीतून रोज 8 ते 10 लिटर पाणी उडतं. पाणीच उडतं, मीठ तिथेच राहतं. तीन दिवस लक्ष दिलं नाही तर लिटरमागे 35 ग्रॅमची क्षारता 37 च्या वर गेलेली असते. म्हणून भर घालायची ती साध्या शून्य टीडीएसच्या पाण्याने, खाऱ्या पाण्याने नाही. ऑटो टॉप-अपचा फ्लोट आणि मोठी बादली आम्ही आता प्रत्येक टाकीसोबत देतो, ते नको म्हणणाऱ्याची टाकी बसवत नाही. दोन, घरचा कूलर. बंद खोलीत कूलर ओलसर हवा कोंडून ठेवतो, मग टाकीवरचा पंखा नुसता फिरतो, पाणी उडत नाही आणि थंडही होत नाही. एकतर टाकी कूलरच्या खोलीत नको, नाहीतर खिडकी उघडी हवी. ही गोष्ट घरातल्या काकूंना आधी सांगावी लागते, कारण कूलर कुठे राहील हे त्या ठरवतात. जून संपता संपता पाऊस लागला, हवा ओली झाली, की पंख्यांचं राज्य संपतं. तेव्हा ज्यांच्याकडे चिलर आहे त्यांनी तो चालू करायचा. हिवाळ्यात उलटं. 2018 च्या डिसेंबरअखेर इथे 3.5 अंशांची नोंद झाली, त्या दिवसांत हीटर नसलेली मरीन टाकी टिकली नसती.

मासे बहुतेक चेन्नईहून येतात. नागपूर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही मार्गांवर आहे, समुद्र लांब असण्याची थोडीफार भरपाई रेल्वेने केली आहे. थर्माकोलच्या पेटीत, ऑक्सिजन भरलेल्या दुहेरी पिशव्यांत, उन्हाळ्यात बर्फाची बाटली कागदात गुंडाळून. पेटी आली की नवशिका पहिलं काम करतो ते म्हणजे पिशवी उघडून तासभर थेंबथेंब टाकीचं पाणी सोडत बसतो. रात्रभर प्रवास केलेल्या माशासाठी हे धोक्याचं. पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि त्या उतरलेल्या पीएचमध्ये साचलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियम होऊन राहतो. पिशवी उघडली, वायू निघून गेला, पीएच चढला की तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून आम्ही बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवतो, क्वारंटाइनच्या टाकीची क्षारता आधीच पिशवीइतकी करून ठेवतो, आणि उघडल्यावर मासा लगेच जाळीने पलीकडे. पिशवीतलं पाणी टाकीत जात नाही.

क्वारंटाइन महिन्याभराचं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, क्रिप्टोकॅरिऑन, मरीनमध्ये सगळ्यात जास्त नुकसान करतो. त्याच्यावर तांब्याचं औषध चालतं, पण तांब्याने कोळंबी, गोगलगाय, कोरल मरतात. तेव्हा औषध मुख्य टाकीत टाकायचंच नाही. ज्या दुकानात पेटी सकाळी येते आणि मासा संध्याकाळी विकला जातो, तिथला मासा आमच्यापेक्षा स्वस्त असणारच. आम्ही त्या किमतीशी स्पर्धा करत नाही.

याहून जास्त गिऱ्हाईक आम्ही गमावतो ते थांबायला सांगून. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय आम्ही मासा देत नाही. "भाऊ, महिना झाला, रिकामं पाणी पाहून राहिलो," असा फोन येतोच. त्यातच काचेवर तपकिरी थर चढतो, लोक घाबरतात. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. काही जण याच महिन्यात दुसरीकडून मासे आणून टाकतात. त्यातले बरेचसे नंतर पाणी तपासायला आमच्याकडेच येतात, आणि आम्ही तपासून देतो.

कोरलचा विषय थोडा नाजूक आहे, तरी सांगायलाच हवा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली रीफ बांधणारे सगळे टणक कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन आले. समुद्री घोडा आणि समुद्री काकडीही. म्हणजे आपल्या समुद्रातलं टणक कोरल, जिवंत असो वा वाळलेलं, विकणं गुन्हा. रामेश्वरमच्या सहलीहून आणलेला पांढरा तुकडा "टाकीत सजवा" म्हणून घेऊन येणारे आजही भेटतात. आम्ही तो हातात घेत नाही. आमच्या टाक्यांत दगड सिरॅमिकचा किंवा सिमेंटपासून बनवलेला असतो. छिद्रं भरपूर असली की जिवाणूंचं काही अडत नाही. कोरलमध्ये मशरूम, झोआ, लेदर असे टणक सांगाडा नसलेले प्रकार, तेही पुरवठादाराकडे आयातीची कागदं असतील तरच. त्यामुळे परदेशातले व्हिडिओ पाहून येणाऱ्याला आमच्या टाक्या साध्या वाटतात. वाटोत.

2017 च्या मे महिन्यात मत्स्यालयांच्या दुकानांसाठी केंद्राचे नियम निघाले, त्यात 158 जातींच्या विक्रीवर बंदी होती आणि क्लाऊन हा नारिंगी-पांढरा मासाही त्या यादीत होता. काही महिन्यांत ते मागे घेतले गेले, पण तेवढ्यात आम्ही एक निर्णय घेतला तो कायमचा : समुद्रातून पकडलेला क्लाऊन शक्यतो घ्यायचा नाही, पैदास केलेलाच घ्यायचा. क्लाऊनची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच साधली आहे. असा मासा पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच वाढलेला, दाणा खाणारा. टँग जातीचे मासे मात्र पैदाशीचे सहज मिळत नाहीत, आणि ब्लू टँगला तीन फुटी टाकी पुरतही नाही. तो मागितला की भाऊ टाकीची लांबी विचारतो आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. मँडरिन माशाचंही तसंच. दिसायला सुंदर, पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत फिरतो. नव्या टाकीत ते नसतात, आणि मासा हळूहळू उपाशी मरतो.

कंत्राटांची घडी बसवली ती माझ्या बायकोने. आधी गिऱ्हाइकाने बोलावलं की जायचं, असा कारभार होता, आणि बोलावणं यायचं ते टाकी बिघडल्यावरच. तिने वार ठरवले, प्रत्येक घराची वही केली. दर फेरीला क्षारता, तापमान, अल्कलिनिटी, नायट्रेट लिहायचं, दहा ते पंधरा टक्के पाणी बदलायचं, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप धुवायचा, पंपाचं आतलं फिरतं पातं मिठाने जाम झालंय का पाहायचं. वही गिऱ्हाइकाच्या घरीच राहते. त्यामुळे टाकीत काही बिघडलं तर वाद होत नाही, मागच्या पानांवर कारण सापडतं. 2020 च्या टाळेबंदीत आम्हाला घराबाहेर पडता येईना, तेव्हा याच वह्यांवरून लोकांनी स्वतः टाक्या सांभाळल्या, आम्ही फोनवर.

विजेचं सांगायचं राहिलं. मे-जूनच्या वादळी पावसात फांदी पडते, चार-पाच तास लाइट जाते. माशांना तेव्हा तापमानापेक्षा ऑक्सिजन कमी पडण्याचा धोका आधी. इन्व्हर्टरवर चिलर टाकू नका, तो बॅटरी खाऊन टाकतो. फक्त एक पॉवरहेड टाका, पृष्ठभाग हलता राहिला की झालं. नाहीतर बॅटरीवरचा एअर पंप ठेवा. प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोल द्या, म्हणजे थेंब वायरीवरून ओघळून सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि अर्थ लीकेज ब्रेकर (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नका.

सध्या मागच्या खोलीत भाऊ क्लाऊनच्या एका जोडीवर बसलाय. क्लाऊन आधी सगळे नर असतात, जोडीतला मोठा मादी होतो. अंडी आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, त्यानंतरच्या पिल्लांना रोटिफर हे सूक्ष्म जीव खायला लागतात आणि रोटिफरना हिरवं पाणी, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचं. पिल्लं अजून विकण्याइतकी होत नाहीत. रोटिफरच्या बादल्यांनी मात्र खोली भरली आहे, आणि आरओच्या कॅनसाठी जागा उरली नाही म्हणून बायकोची कुरकुर चालू असते.

नवीन टाकी बसवायची असेल तर दुकानात येताना जागेचा फोटो आणा, त्यात जवळचा स्विचबोर्ड आणि कूलर दोन्ही दिसू द्या. चार फुटी टाकी पाणी, दगड आणि स्टँड धरून 600 किलोच्या घरात जाते, तेव्हा वरच्या मजल्यावर असाल तर ती भिंतीला लागून, बीमच्या जवळ बसवावी लागेल. मे महिन्यात आम्ही नवीन टाकी सुरू करत नाही.