‘होगा’ची चाकरी

युद्धनौकांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. त्यांना धक्क्याला लावणाऱ्या टगबोटीकडे मात्र कोणी वळून पाहत नाही, म्हणून ‘होगा’विषयी लिहावेसे वाटले. (नाव हिंदी नव्हे, अमेरिकेतील सू या आदिवासी लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ मासा.)

अमेरिकी नौदलाची ही सुमारे शंभर फुटी टग १९४१ मध्ये हवाई बेटांवरील पर्ल हार्बर या नाविक तळाच्या चाकरीत रुजू झाली. काही महिन्यांतच जपानी हल्ल्याचा ७ डिसेंबर उजाडला. जळत्या ‘ॲरिझोना’ युद्धनौकेला खेटून असलेले दुरुस्तीचे जहाज ‘व्हेस्टल’ तिने ओढून बाजूला काढण्यास मदत केली. मग ‘नेवाडा’ ही युद्धनौका खाडीच्या मार्गातच बुडून बंदराचे तोंड बंद होऊ नये म्हणून, तिच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी भिडून, एकीकडे आगीवर पाण्याचा मारा करीत आणि दुसरीकडे तिला रेटीत, पलीकडच्या काठाला नेण्यात हातभार लावला. पुढचे तीन दिवस ती आगीच विझवत होती.

१९४८ पासून चार दशकांहून अधिक काळ तिने कॅलिफोर्नियातील ओकलंड बंदरात अग्निशामक नौका म्हणून काम केले. मला हा साधा, लांबलेला काळच अधिक मोलाचा वाटतो. २०१५ पासून ती आर्कान्सामधील नॉर्थ लिटल रॉक येथे, समुद्रापासून दूर, नदीकाठच्या संग्रहालयात ‘रेझरबॅक’ या पाणबुडीच्या शेजारी उभी आहे.